अभिप्राय, दुरुस्ती आणि संमती : आज्ञावली-परीक्षणाच्या इतिहासात यांत्रिक सहायकाचा प्रवेश

प्रस्तावना

संगणकाची आज्ञावली एका व्यक्तीने लिहावी, दुसऱ्या व्यक्तीने ती वाचून तिच्यावर अभिप्राय द्यावेत आणि पहिल्या व्यक्तीने त्या अभिप्रायांचा विचार करून दुरुस्ती करावी, या पद्धतीला संगणक व्यवसायात 'कोड रिव्ह्यू' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'आज्ञावली-परीक्षण' हा शब्द योजिला आहे. गेल्या काही वर्षांत या पद्धतीत एक मोठा बदल घडून आला. परीक्षकाचे अभिप्राय वाचणे, त्यांप्रमाणे आज्ञावलीत फेरफार करणे, चाचण्या चालविणे आणि परीक्षकाला 'दुरुस्ती केली आहे' असे उत्तर लिहिणे, ही एरवी लेखकाने करावयाची सर्व कामे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यांत्रिक सहायकाकडे सोपविता येऊ लागली. या सहायकाला व्यवहारात 'एजंट' म्हटले जाते.

या विषयाकडे सामान्यतः अभियांत्रिकीचा विषय म्हणून पाहिले जाते. तथापि एखाद्या लेखात कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या कारणास्तव बदल केला आणि त्याला संमती कोणी दिली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. किंबहुना साधनचिकित्सेचा पाया याच प्रश्नावर उभा आहे. आज्ञावली-परीक्षणाविषयी जे लेखन उपलब्ध आहे त्यात अभिप्राय देणाऱ्याचा विचार पुष्कळ झाला आहे. अभिप्रायाला उत्तर देणाऱ्याचा विचार मात्र त्या मानाने फारच थोडा झाला. अभिप्राय मान्य करणे, त्यावर प्रतिप्रश्न करणे आणि प्रसंगी तो सकारण नाकारणे हे उत्तर देणाऱ्याचे काम आहे, आणि नेमके तेच आता यंत्राकडे जात आहे. ते कसे घडत गेले याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

सचिवाचे चिन्ह

लेखाची तपासणी आणि त्या तपासणीची जबाबदारी यांचा संबंध आपल्याकडे जुना आहे. शिवराज्याभिषेकाच्या वेळच्या कानूनजाबत्यात, म्हणजे १६७४ साली, अष्टप्रधानांची कामे वाटून दिलेली आढळतात. त्यांत राजपत्रे शोधून पाहणे, त्यांतील अक्षरांचे वा मजकुराचे अधिकउणे दुरुस्त करणे आणि पत्रांवर आपले चिन्ह करणे ही कामे सचिवाकडे, म्हणजेच सुरनिसाकडे, सोपविली आहेत. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दुरुस्ती आणि चिन्ह ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे आहेत. ज्याने शोधून पाहिले त्यानेच चिन्ह करावयाचे. पुढे मराठी दप्तरांतील कागदांवर निरनिराळ्या अधिकाऱ्यांचे शेरे, शिक्के व मोर्तब यांची जी रांग दिसते, तिच्यावरून तो कागद कोणाकोणाच्या नजरेखालून गेला हे अभ्यासकाला ताडता येते. मोडी कागद वाचणाऱ्यांना हे शेरे मूळ मजकुराइतकेच मोलाचे वाटतात, ते याच कारणाने.

सतराव्या शतकातील राजपत्र आणि एकविसाव्या शतकातील आज्ञावली यांची तुलना फार ताणू नये, हे मान्यच आहे. परंतु दुरुस्ती व संमती ही एकाच हाताने व्हावी ही अपेक्षा पुढील विवेचनात पुन्हा पुन्हा भेटेल, म्हणून तिचा येथे निर्देश केला.

टेबलावरील तपासणी

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला, आणि १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अधिक सामर्थ्यवान संगणक आला. त्या काळात यंत्राचा वेळ अतिशय मौल्यवान होता. आज्ञावली छिद्रांकित पट्टीवर वा पत्त्यांवर उतरवून द्यावयाची, ती रांगेत लागावयाची आणि निकाल नंतर हाती यावयाचा. एखादा स्वल्पविराम चुकला तरी सर्व खटाटोप पुन्हा करावा लागे. त्यामुळे यंत्राकडे जाण्यापूर्वी आज्ञावली टेबलावर ठेवून पेन्सिलीने ओळीन् ओळ तपासण्याची सवय त्या पिढीला आपोआपच लागली. ही तपासणी शिस्त म्हणून कोणी घालून दिलेली नव्हती. यंत्राच्या टंचाईतून ती निर्माण झाली होती.

जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ साली आज्ञावली-लेखनाच्या मानसशास्त्रावर लिहिलेल्या ग्रंथात एक वेगळाच मुद्दा पुढे आणला. लेखक आपल्या आज्ञावलीला आपलाच एक भाग मानतो, त्यामुळे तिच्यातील दोष त्याला दिसत नाहीत आणि दुसऱ्याने दाखविले तर रुचत नाहीत, असे त्यांचे निरीक्षण होते. अहंकारविरहित लेखनाची त्यांची कल्पना याच निरीक्षणातून आली.

या कल्पनेला कार्यालयीन शिस्तीचे रूप देण्याचे श्रेय आयबीएम कंपनीतील मायकेल फेगन यांच्याकडे जाते. त्यांचा १९७६ साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. फेगन यांच्या पद्धतीत परीक्षण ही एक बैठक होती. बैठकीला सूत्रधार असे, लेखक असे, चाचणी करणारा असे. बैठक दोन तासांहून अधिक चालवू नये, असा दंडक होता. बैठकीत दोष फक्त शोधावयाचे; ते कसे दुरुस्त करावेत याची चर्चा तेथे करावयाची नाही. दुरुस्ती लेखकाने नंतर एकट्याने करावयाची आणि ती झाली की नाही हे सूत्रधाराने पाहावयाचे. दुरुस्तीत पाच टक्क्यांहून अधिक मजकूर बदलला गेला असेल, तर संपूर्ण परीक्षण पुन्हा व्हावे अशीही तरतूद होती. यामागील विचार स्पष्ट आहे. दुरुस्ती हे देखील नवे लेखनच असते आणि त्यात नव्या चुका होऊ शकतात. परीक्षणातून निघालेल्या दोषांची मोजदाद लेखकाच्या कामगिरीचे मूल्यमापन करण्यासाठी वापरू नये, असेही फेगन यांनी बजावले होते. आपल्याकडील महाविद्यालयीन व्यवहारात हा शेवटचा नियम कोणी पाळील काय, याची प्रस्तुत लेखिकेला शंका आहे.

फेगन यांच्या व्यवस्थेत लेखक अभिप्राय ऐकताना समोर उपस्थित असे. त्याला स्पष्टीकरण देता येई, आणि परीक्षकाने चुकीचे वाचले असल्यास ते तेथल्या तेथे उघड होई. या उपस्थितीचे मोल त्या काळात कोणी वेगळे मोजले नाही, कारण तिच्यावाचून परीक्षण होऊ शकते ही कल्पनाच नव्हती.

पत्रव्यवहाराचे युग

१९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा प्रारंभ केला. त्यात सहभागी झालेले लोक निरनिराळ्या देशांत राहत होते. बैठक शक्यच नव्हती. प्रस्तावित बदल ई-पत्राने पाठवावयाचा, इतरांनी त्याच पत्रातील ओळींखाली आपले आक्षेप लिहावयाचे आणि लेखकाने प्रत्येक आक्षेपाखाली उत्तर द्यावयाचे, अशी रीत पडली. परीक्षण हा लेखी पत्रव्यवहार झाला आणि तो सर्वांसाठी खुला राहिला. इतिहासाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. आयबीएमच्या बैठकांत काय बोलले गेले ते बव्हंशी हवेत विरले. लिनक्सच्या बाबतीत मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एखादी सूचना कोणी का नाकारली, हे आजही वाचता येते. ही भाषा नेहमीच सौम्य होती असे मात्र नाही.

या पत्रव्यवहारातील एक खूण येथे विशेष महत्त्वाची आहे. २००३ साली एससीओ या कंपनीने लिनक्समधील मजकुराच्या मालकीविषयी वाद उपस्थित केला. त्यानंतर २००४ साली प्रत्येक बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' असे लिहून पाठविणाऱ्याने आपले नाव घालावे, असा नियम करण्यात आला. हा मजकूर पाठविण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी ती ग्वाही होती. बदल ज्या ज्या हातांतून पुढे जाई त्या त्या व्यक्तीचे नाव खाली वाढत जाई. मराठी दप्तरातील शेऱ्यांच्या रांगेची आठवण व्हावी, इतके हे साम्य जवळचे आहे. पुढे २००५ साली टॉरवाल्ड्स यांनीच तयार केलेल्या 'गिट' या साधनाने प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे सुलभ केले, आणि २००८ पासून 'गिटहब'ने हाच सर्व व्यवहार पडद्यावरील एका पानावर आणला. एका बाजूला बदललेल्या ओळी, त्यांच्याखाली अभिप्राय, आणि प्रत्येक अभिप्रायाखाली 'हा विषय मिटला' असे दर्शविणारी एक कळ.

ही कळ दिसावयास लहान आहे. परंतु तिच्यामुळे अभिप्राय ही मिटवून टाकावयाची बाब झाली. ई-पत्राला उत्तर लिहिणे भाग होते; कळ दाबण्यासाठी काही लिहावेच लागते असे नाही.

मायक्रोसॉफ्टमधील परीक्षणाचा अभ्यास करून अल्बर्टो बाकेल्ली आणि ख्रिश्चन बर्ड यांनी २०१३ साली जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष या संदर्भात लक्षणीय आहे. परीक्षण कशासाठी, असे विचारले असता बहुतेकांनी दोष शोधण्यासाठी असे सांगितले. प्रत्यक्ष अभिप्राय तपासले असता दोषांविषयीचे अभिप्राय अपेक्षेपेक्षा कमी निघाले. ज्ञानाची देवाणघेवाण, सहकाऱ्यांच्या कामाची जाण आणि पर्यायी मार्गांचा शोध हे परीक्षणाचे मोठे लाभ असल्याचे आढळले. म्हणजे नव्या माणसाला परीक्षणातून जे शिकावयास मिळते, ते मुख्यत्वे अभिप्राय समजून घेऊन त्याला उत्तर देण्याच्या क्रियेतून मिळते.

हडपसरचा अनुभव

परीक्षणातील यंत्राचा प्रवेश ही केवळ परदेशातील घटना आहे, असा समज होण्याची शक्यता असल्याने पुण्याच्या एका संस्थेचा उल्लेख येथे आवश्यक आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ साली पुण्यात टाटा संशोधन विकास आणि अभिकल्प केंद्र स्थापन केले. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतील या केंद्रात आज्ञावल्यांचे यंत्राद्वारे विश्लेषण करण्याचे काम दीर्घकाळ झाले. वाहने व तत्सम उपकरणांत बसविलेल्या आज्ञावल्या तपासण्याचे साधन तेथे तयार करण्यात आले. आज्ञावली प्रत्यक्ष न चालविता, केवळ वाचून, कोठे शून्याने भागाकार होण्याचा संभव आहे, कोठे यादीच्या मर्यादेबाहेरचे स्थान वाचले जाईल, हे असे साधन सांगते. म्हणजे येथे परीक्षकाच्या जागी यंत्र होते आणि उत्तर देणारा माणूस होता.

या व्यवस्थेची अडचण अशी की यंत्र फार शंकेखोर असते. त्याने दिलेल्या इशाऱ्यांपैकी पुष्कळसे निराधार ठरतात, आणि तरीही प्रत्येक इशारा कोणीतरी वाचून तो खरा की खोटा हे ठरवावे लागते. मोठ्या आज्ञावलीत असे इशारे हजारोंनी निघतात. पुण्याच्या केंद्रातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात या श्रमावर उपाय सुचविला होता. परस्परांशी संबंधित इशाऱ्यांचे गट करावेत आणि प्रत्येक गटात एक प्रमुख इशारा निवडावा. प्रमुख इशारा खोटा ठरला तर त्याचे अनुयायी इशारेही खोटे ठरतील, अशा रीतीने ही निवड करावयाची. निर्णय माणसानेच घ्यावयाचा. त्याला किती वेळा घ्यावा लागतो तेवढेच कमी करावयाचे.

हडपसरच्या या कामाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. यंत्राचे अभिप्राय हाताळणाऱ्या माणसाचे मुख्य काम नकार देणे हे होते. 'हा इशारा लागू नाही, कारण ही संख्या येथे शून्य होऊच शकत नाही', असे त्याला कारणासह म्हणावे लागे. असे म्हणण्यासाठी त्याला आज्ञावली आणि ती ज्या उपकरणात चालणार ते उपकरण, दोन्ही ठाऊक असणे भाग होते.

उत्तर देणारे यंत्र

पुढील टप्प्यात भूमिका उलटल्या. गिटहबचे 'कोपायलट' हे साधन २०२१ साली मर्यादित स्वरूपात व २०२२ साली सर्वांसाठी खुले झाले, परंतु ते लिहिता लिहिता पुढील ओळ सुचविणारे होते. अभिप्रायांना उत्तर देण्याच्या दिशेने पडलेले मोठे पाऊल म्हणून गूगलच्या संशोधकांनी मे २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनाचा उल्लेख करावा लागेल. परीक्षणासाठी बदल पाठविल्यापासून तो अंतिमतः स्वीकारला जाईपर्यंत लेखकाचे सरासरी सुमारे ६० मिनिटांचे प्रत्यक्ष श्रम खर्ची पडतात, असे त्यांना आढळले होते. परीक्षकाचा अभिप्राय वाचून यंत्राने दुरुस्ती सुचवावी आणि लेखकाला पटल्यास त्याने ती स्वीकारावी, अशी व्यवस्था त्यांनी केली. कंपनीतील एकूण अभिप्रायांपैकी ७.५ टक्के अभिप्राय या मार्गाने मिटू लागले, असे त्यांनी नमूद केले आहे. या व्यवस्थेत सूचना यंत्राची असली तरी स्वीकार लेखकाचा होता.

२०२४ व २०२५ या दोन वर्षांत हे अंतरही कमी झाले. आता आलेला एजंट एका ओळीपुरता मर्यादित नाही. तो संपूर्ण आज्ञावली उघडतो, अभिप्राय कोणत्या फायलीला लागू आहे ते शोधतो, बदल करतो, चाचण्या चालवितो, चाचणी अयशस्वी झाल्यास पुन्हा बदल करतो, आणि सर्व काही जुळले की प्रत्येक अभिप्रायाखाली नम्र भाषेत उत्तर लिहितो. मे २०२५ मध्ये गिटहबने स्वतःच असा एजंट उपलब्ध करून दिला; त्याच्या आगेमागे इतर कंपन्यांचेही एजंट बाजारात आले. कित्येक ठिकाणी अभिप्राय देणाराही यंत्रच असतो. तेव्हा एक यंत्र आक्षेप घेते, दुसरे तो मान्य करते आणि माणूस शेवटी कळ दाबतो.

याचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. चलाचे नाव बदला, ही तीन ठिकाणी आलेली मांडणी एकत्र करा, येथे टिप्पणी लिहा, अशा स्वरूपाचे अभिप्राय पुष्कळ असतात आणि ते अमलात आणण्यात माणसाचा दिवस जातो. तो वाचत असेल तर चांगलेच. अडचण येते ती परीक्षक चुकलेला असतो तेव्हा. मोठ्या भाषा-प्रतिमानांत समोरच्याच्या म्हणण्याला होकार देण्याची प्रवृत्ती असते, हे संशोधकांनी नोंदविले आहे. परीक्षकाच्या अभिप्रायाला आज्ञा मानणारा उत्तरदाता या परंपरेत पूर्वी नव्हता. फेगनच्या बैठकीतला लेखक वाद घालू शकत होता, लिनक्सचा लेखक तर घालतच असे, आणि हडपसरच्या अभियंत्याचे कामच मुळी नकाराचे होते.

एक स्थानिक अनुभव

या विषयाकडे प्रस्तुत लेखिका वळली ती एका लहानशा प्रसंगामुळे. रामदासपेठेतील आमच्या महाविद्यालयात इतिहास आणि संगणक या दोन विभागांच्या वतीने विद्यार्थ्यांकडून एक प्रकल्प करून घेण्यात आला. अठराव्या शतकातील प्रकाशित मराठी पत्रांची कालानुक्रमे सूची तयार करावयाची होती. या पत्रांवर सुहूर सन असतो आणि तो आकड्यांत न लिहिता अरबी संख्यावाचकांत लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. सुहूर वर्षाचा प्रारंभ सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा होतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्या काळी हा प्रवेश जूनच्या प्रारंभी होई. त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी सुहूर सनात ५९९ मिळवावे लागतात आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतच्या तारखेसाठी ६००. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. तेव्हा सुहूर ११६१ चालू होता. ११६१ आणि ६०० मिळून १७६१ होतात.

विद्यार्थ्यांनी हा नियम आज्ञावलीत नेमका बसविला होता, आणि तो बरोबर चालतो की नाही हे पाहण्यासाठी पानिपतची तारीख चाचणी म्हणून घातली होती. ती आज्ञावली परीक्षणासाठी माझ्याकडे आली. मी संगणकशास्त्राची अभ्यासक नाही. तारखांची बाजू पाहणे एवढेच माझे काम होते. आश्विनातील एका पत्राची तारीख मनात घोळत असताना ६०० चा आकडा असलेली ओळ माझ्या दृष्टीस पडली आणि तिच्या वरची अट न वाचता मी तिच्यासमोर लिहिले, 'सुहूर सनात ५९९ मिळवावेत. येथे ६०० कसे?' माझा तो अभिप्राय घाईचा आणि चुकीचा होता.

दोन दिवसांनी आज्ञावली परत आली. माझे सर्व अभिप्राय मिटलेले होते. या विशिष्ट अभिप्रायाखाली उत्तर होते की आपले म्हणणे योग्य आहे, त्याप्रमाणे दुरुस्ती केली असून सर्व चाचण्या यशस्वी झाल्या आहेत. मला अर्थातच समाधान वाटले. प्रत्यक्षात मृगाची अट काढून टाकण्यात आली होती आणि सर्वत्र ५९९ मिळविले जात होते. पानिपतची चाचणी त्यामुळे अयशस्वी झाली असणार. तेव्हा तिच्यातील अपेक्षित वर्षच १७६१ ऐवजी १७६० करण्यात आले होते.

सूची छापून पाहिली तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली ती ऑगस्ट १७६० मध्ये. आमच्या सूचीत पानिपतच्या पराभवाची पत्रे दिल्ली घेतल्याच्या पत्रांआधी, त्याच वर्षाच्या जानेवारीत जाऊन बसली होती. प्रत्येक सुहूर वर्षातील हिवाळा व उन्हाळा अशाच रीतीने वर्षभर मागे सरकला होता. एक-दोन तारखा चुकल्या असत्या तर कदाचित लक्षातही आले नसते.

संबंधित विद्यार्थ्याला बोलावले. त्याने प्रामाणिकपणे सांगितले, "मॅडम, तुमचे सगळे शेरे मी एजंटला दिले होते. परीक्षा जवळ आली होती." मी विचारले, "पण मूळची मृगाची अट तूच लिहिली होतीस ना?" तो म्हणाला, "हो. वर्गात तुम्हीच तो नियम शिकवला होता. हा शेरा मी वाचला असता तर विचारायला आलो असतो."

हे शेवटचे वाक्य प्रस्तुत लेखिकेला महत्त्वाचे वाटते. विद्यार्थ्याला विषय येत होता. परीक्षक चुकली होती. दुरुस्त करण्याची क्षमता ज्याच्याकडे होती तो माणूस अभिप्राय आणि उत्तर यांच्या मधून निघून गेला होता. यात एजंटने काही खोडसाळपणा केला असे म्हणता येत नाही. त्याला अभिप्राय मिटविण्यास सांगितले होते आणि त्याने ते मिटविले. मृग नक्षत्र आणि पानिपत यांचा संबंध त्याला ठाऊकही असेल. परंतु प्राध्यापकाचा शेरा आणि चाचणीतील वर्ष यांत विसंगती आल्यावर कोणते साधन अधिक विश्वसनीय, हा प्रश्न त्याने उपस्थित केला नाही. पदव्युत्तर वर्गात साधनचिकित्सेचा पहिला धडा म्हणून आम्ही हाच प्रश्न शिकवितो.

नोंदींचा प्रश्न

हा प्रकार घडल्यावर मी गिटमधील नोंदी उघडून पाहिल्या. बदल कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी झाला हे तेथे सेकंदापर्यंत नोंदलेले होते. बदल करणारा म्हणून विद्यार्थ्याचे नाव होते. कारण म्हणून 'परीक्षकाच्या अभिप्रायानुसार दुरुस्ती' असे लिहिले होते. यातील एकही नोंद तांत्रिकदृष्ट्या खोटी नाही, आणि तरीही पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाने तिच्यावरून काय घडले ते ठरवू म्हटले तर तो निश्चितपणे चुकेल. विद्यार्थ्याने विचारान्ती अट काढली असे त्याला वाटेल. बनावट कागदाची शहानिशा करण्याच्या रीती आपल्याकडे आहेत; कागद अस्सल, सही अस्सल आणि सही करणाऱ्याने मजकूर पाहिलेलाच नाही, अशा साधनाची चिकित्सा अधिक अवघड आहे. अर्थात न वाचता केलेल्या सह्या काही एजंटांमुळे जन्माला आलेल्या नाहीत, हे सरकारी वा शैक्षणिक कार्यालयात काम केलेल्या कोणालाही सांगावयास नको.

लिनक्सच्या विकसकांपुढे हाच प्रश्न २०२५ साली आला. यंत्राच्या साहाय्याने केलेले बदल स्वीकारावेत की नाहीत याविषयी त्यांच्यात बरीच चर्चा झाली. चर्चेसाठी मांडल्या गेलेल्या नियमांच्या मसुद्यात यंत्राच्या वापराला सरसकट बंदी नव्हती. मात्र यंत्राने 'साइन्ड-ऑफ-बाय' ही खूण स्वतः लावू नये, ती ग्वाही माणसानेच द्यावी, आणि यंत्राचे साहाय्य घेतले असल्यास त्याची वेगळी नोंद करावी, अशी भूमिका त्यात होती. २००४ चा नियम मालकीच्या वादातून आला होता. वीस वर्षांनी त्याचा उपयोग वेगळ्याच गोष्टीसाठी होऊ लागला.

नागपूरपुरते बोलावयाचे तर मिहान आणि परसोडी येथील कंपन्यांत रुजू होणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना एजंट वापरावाच लागणार आहे. तो वापरू नका असे सांगणे व्यवहार्य नाही आणि योग्यही नाही. नव्याने रुजू झालेल्या मुलाच्या आज्ञावलीवर पहिल्या वर्षी शेकड्याने अभिप्राय येतात. पूर्वी ते त्याला एकेक करून समजून घ्यावे लागत आणि त्यातून तो घडत असे. बाकेल्ली व बर्ड यांना जो लाभ मोठा दिसला तो हाच होता. आता हे अभिप्राय त्याच्यापर्यंत न पोहोचताच मिटू शकतात.

आमच्या विभागाने त्यानंतर एक साधी व्यवस्था केली. परीक्षणाचा प्रत्येक अभिप्राय विद्यार्थ्याने एका वहीत स्वतःच्या हाताने मराठीत उतरवावयाचा आणि त्यापुढे 'मान्य', 'अमान्य' किंवा 'विचारावयाचे आहे' यांपैकी एक शेरा कारणासह लिहून खाली सही करावयाची. त्यानंतर मान्य अभिप्रायांची दुरुस्ती एजंटकडून करून घेण्यास हरकत नाही. चाचणीतील अपेक्षित उत्तर बदलावयाचे असेल तर मात्र इतिहास विभागातील शिक्षकाची सही लागते. विद्यार्थ्यांना ही वही कंटाळवाणी वाटते, आणि संगणक विभागातील एका सहकाऱ्यांनी तिला 'सुरनिसाची वही' असे नाव देऊन आमची थट्टाही केली. प्रस्तुत लेख ज्या नियतकालिकासाठी लिहिला आहे तेथील परीक्षकांचे अभिप्राय आले की त्यांनाही याच वहीत स्थान द्यावे लागेल.

मागील सत्रात या वहीत ४१ अभिप्राय नोंदले गेले. त्यांपैकी सहांपुढे 'अमान्य' असा शेरा आहे. सहांपैकी चार ठिकाणी विद्यार्थ्यांचेच चुकले होते आणि चर्चेनंतर त्यांनी अभिप्राय मान्य केला. उरलेले दोन अभिप्राय माझे होते. त्यांतील एक फसली सनाविषयीचा आहे. त्यासमोर विद्यार्थिनीने दख्खनच्या आणि उत्तरेच्या फसली सनांत फरक असल्याचे लिहून मूळ पत्र दख्खनचे असल्याचा दाखला दिला आहे. तिचे म्हणणे बरोबर होते. मी खाली सही करून माझा अभिप्राय मागे घेतला आहे.